रिकाम्या तासांची मालकीण

रायपुरातल्या तात्यापाऱ्यात, साडीच्या एका मोठ्या दुकानामागे, आमचा प्लास्टिक सर्जरीचा दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात एकही आरसा नव्हता. लोक नाक बदलायला येत, पापण्या उचलून घ्यायला येत, टकलावर केस पेरून घ्यायला येत. पण स्वतःचं तोंड बघायचं असेल तर त्यांना बाहेर पडून साडीच्या दुकानात जावं लागे. दुकानदाराची काही तक्रार नव्हती. नाकावर पट्टी लावलेल्या बायका त्याच्या आरशापुढे उभ्या राहत आणि जाता जाता दोन साड्याही घेऊन जात.

मी तिथे नऊ वर्षं मॅनेजर होतो. त्याआधी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडाचे ट्रक रवाना करत होतो. लोखंडातून थेट नाकात आलेला माणूस म्हणून पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माझी थोडी टिंगल होत असे, आणि मला ती आवडत असे. गणेशोत्सवातल्या नाटकांत मी पंचवीस वर्षं तोंडाला रंग लावलेला आहे. लोक आपल्याबद्दल बोलतात हे ज्याला आवडत नाही त्यानं रंगमंचावर चढूच नये.

पहिल्याच दिवशी मी मॅडमना, म्हणजे दवाखान्याच्या मालकीण सर्जनबाईंना, विचारलं, "मॅडम, आरसा काहून नाही?"

"होता," मॅडम म्हणाल्या. "वेटिंगमध्ये, चांगला पुरुषभर उंच. मी टायमर लावून पाहिलं. एकेक जण त्याच्यासमोर अकरा मिनिटं. मग आत येऊन म्हणते, डॉक्टर, आता पाहिलं तर डावी भुवईपण वाकडी वाटून राहिली. झाली अजून नऊ मिनिटं. आरसा त्यांच्या घरी आहे ना? तिथं पाहू दे. त्या खोलीचं भाडं ते भरतात."

हा टायमर म्हणजे मॅडमच्या गळ्यातला अलंकार. इतर डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो. यांच्या गळ्यात नाडीला बांधलेला लाल प्लास्टिकचा टोमॅटो असे. स्वयंपाकघरात भात शिजायला लावतात तो. टोमॅटोचं डोकं पिळलं की तो टिकटिकायला लागे आणि वेळ संपली की किर्रर्र करून सगळ्यांचा जीव घेई. पेशंटशी बोलणं सहा मिनिटं. जेवण आठ मिनिटं, उभ्यानं, चटणी लावून गुंडाळलेला तांदळाच्या पिठाचा चीला. माझ्याशी बोलणं तीन मिनिटं, आणि त्यातलं पहिलं मिनिट त्या मला माझं म्हणणं कमी शब्दांत कसं सांगता आलं असतं हे समजावण्यात घालवत.

ठेंगणी मूर्ती, पांढरा कुडता, पायात पळायचे बूट, केस कानापर्यंत कापलेले. घराणं मराठ्यांच्या राजवटीत नागपूरकडून आलेलं, त्यामुळे एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही भाषा सुखानं नांदत. पाऱ्यातल्या म्हाताऱ्या त्यांना अजूनही "वकिलांची पोट्टी" म्हणत. पोट्टी तेव्हा साठीला आली होती.

दवाखान्यात जसा आरसा नव्हता तशी खाटही नव्हती. एक ऑपरेशन थिएटर, बाहेर सहा आरामखुर्च्या, आणि संध्याकाळी सातला कुलूप. सकाळी यायचं, दुपारी नवं नाक घेऊन घरी जायचं. एकदा सिलतऱ्याच्या एका कारखान्याचे मालक पोटाची चरबी काढून घ्यायला आले आणि अडून बसले, की मी एक रात्र इथेच राहणार, खोलीचे काय होतील ते सांगा. मॅडमनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"रात्रीची एक नर्स. तिला सोबत म्हणून दुसरी. एक डॉक्टर, जो झोपून राहणार पण पगार जागायचा घेणार. एक चौकीदार. चहा. मच्छरवाली अगरबत्ती. आणि तुमच्या मेहुण्याची खाट, कारण तुम्ही एकटे राहणार नाही. शेठजी, या धंद्यात सगळ्यात महाग चीज रात्र आहे. मी ती विकत घेत नाही म्हणून विकतही नाही."

शेठजी दुपारी चारला घरी गेले. सातच्या आत मॅडमनी त्यांना दोनदा फोन केला, लघवीपासून ढेकरेपर्यंत सगळी चौकशी केली. ज्याला रात्री दवाखाना लागेल अशी शंका असे त्याला त्या हातच लावत नसत. सरळ मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देत. बाकीच्यांसाठी त्यांचा फोन हीच खाट.

किंमतसुद्धा त्या मिनिटांत सांगत. नाक एकशे दहा मिनिटं. पापण्या सत्तर. मी शेजारी बसून त्याचे रुपये करायचे. सराफ्यातले एक व्यापारी मुलीच्या नाकासाठी आले आणि सवयीनं घासाघीस करायला लागले, "पंधरा मिनिटं तरी कमी करा डॉक्टरसाब." मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "करते. कोणती नाकपुडी सोडू?" व्यापाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेली रक्कम मोजून दिली.

आता पंचांगाकडे येतो.

मॅडमच्या टेबलामागच्या भिंतीवर पंचांग टांगलेलं असे, आणि त्यावर रंगीत पेन्सिलींच्या खुणा. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, बाई धार्मिक आहेत. मी एका एकादशीला साबुदाण्याची खिचडी घेऊन गेलो. मॅडमनी ती आठ मिनिटांत संपवली, वर अंड्याचं ऑम्लेट मागवलं आणि म्हणाल्या, "ते पंचांग मी देवासाठी नाही पाहत. माझं बुकिंग याच्यात छापून येते."

आणि खरंच येत होतं. लग्नाचे मुहूर्त लाल रंगात. त्यांच्या तीन-चार महिने आधी नाकांची गर्दी, कारण नाकाची सूज फोटोच्या आत उतरायला हवी. पण पितृपक्ष लागला की दवाखाना ओस. आमच्या निर्मला सिस्टरच्या भाषेत पितर पाख. पूर्वज घास घ्यायला आलेले असताना त्यांनीच दिलेलं नाक बदलायचं कसं? शिकलेली माणसंसुद्धा फोनवर खोकत आणि म्हणत, नवरात्रात बघू.

आणि थिएटर तर चालूच. हवा गाळणारं यंत्र चालू, एसी चालू, दोन नर्स आणि एक टेक्निशियन पगारावर हजर, जागेचं भाडं ठरलेलं. "रिकामा तास म्हणजे लाल भाजी," मॅडम म्हणत. "आज नाही गेली तर उद्या गाईच्या तोंडात." मला ते वेगळ्या तऱ्हेनं कळलं: समोर चार माणसं असोत की चारशे, मांडववाला आणि लाइटवाला तेवढेच घेतो.

एका वर्षी मॅडमनी पितृपक्षात अर्धी किंमत लावून पाहिली. पंधरा दिवसांत एकच गिऱ्हाईक आलं: कॉलेजातले एक नास्तिक प्राध्यापक, डोक्यावर केस हवे होते. त्यांना खुर्चीत बसवेपर्यंत त्यांची बायको येऊन त्यांना परत घेऊन गेली. त्या दिवशी मॅडमनी हिरवी पेन्सिल घेतली आणि पंचांगावर त्या पंधरा दिवसांपुढे एक शब्द लिहिला: हात.

हात सिलतऱ्याचे. तिथल्या भट्ट्यांत, गरम राखेत भाजलेले. जखम भरते, पण भरताना कातडी आवळत जाते आणि बोटं तळव्यात ओढून घेते. मूठ उघडतच नाही. अशा हाताला सत्तर-नव्वद मिनिटं लागतात, मांडीची थोडी कातडी लागते, दोरा, औषधं, हातमोजे लागतात. बाकी सगळ्याचा खर्च थिएटर रिकामं राहिलं तरी होणारच होता. आमचे भूल देणारे डॉक्टरही त्या दिवसांत रिकामेच. ते नुसती दंडात सुई देऊन हात बधिर करत आणि मोबदल्यात निर्मला सिस्टरच्या घरचं जेवण घेत. सिस्टर मांसाहारी डबा मात्र पितृपक्षात आणत नसे, आणि दरवर्षी त्यावरून त्यांचं वाजत असे.

"दीदी, पितर पाख में चीरा लगाना ठीक हे का?" सिस्टरनं पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"ज्याचा हात उघडत नाही तो पितरांना पाणी कसं देईल?" मॅडम म्हणाल्या. सिस्टरनं थोडा विचार केला, "हव दीदी" म्हटलं आणि ट्रॉली मांडायला गेली.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे त्या वर्षी हातांमध्ये वर्माजी होते. पन्नाशीचा फिटर, उजवा हात कोंबडीच्या पायासारखा आवळलेला. राखेचा पाइप साफ करताना भाजला होता. ठेकेदारानं पहिल्या पट्टीपुरते पैसे दिले आणि मग फोन उचलणं बंद केलं. कारखान्याच्या फोरमननं एवढी माणुसकी दाखवली होती, की होळीपर्यंत जागा धरतो. तोवर हातात पाना धरता आला तर ये, नाहीतर दुसरा ठेवतो. मॅडमनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितलं, "दोनदा करावं लागेल. आता अंगठा आणि पहिलं बोट. तीन महिन्यांनी उरलेली तीन."

"तीन महिने बाद, मैडम? पक्का?"

"पक्का."

हे "पक्का" त्यांनी कशाच्या जोरावर म्हटलं ते देव जाणे, कारण दवाखाना तेव्हा स्वतःच आचके देत होता. पूर्ण भूल द्यायचं मशीन म्हातारं झालं होतं. भूलवाले डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, दिवाळीनंतर मी या मशीनला हात लावणार नाही. हातांना ते मशीन लागत नव्हतं. पण नाकांना लागत होतं, आणि नाकं बंद तर हात बंद. बँक नव्या मशीनसाठी जे तारण मागत होती ते मॅडमकडे नव्हतं. अशा वेळी बेंगळुरूच्या एका कंपनीचा निरोप आला. असे छोटे दवाखाने अर्ध्या भागीत घेऊन साखळी बांधणारी कंपनी. नवं मशीन देणार, नवा एसी देणार. त्यांचा माणूस दोन दिवस दवाखाना बघायला येणार होता.

येण्याची तारीख मी पाहिली. पितृपक्षाची पंचमी.

आता माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मी नाटक बसवलं. गणेशोत्सव नुकताच संपला होता, मंडळी मोकळी होती. पाच जणांना मी पेशंट म्हणून वेटिंगमध्ये बसवलं. माझ्या मोठ्या वहिनींना नाक दिलं, रेल्वेतून निवृत्त झालेल्या नानांना केस दिले, बाकीच्या तिघांना नुसतं चिंताग्रस्त बसायला सांगितलं. आणि जे खरे पेशंट बसले होते, वर्माजी आणि आणखी तीन हात, त्यांना म्हटलं, जरा मागे साडीच्या गोदामात बसा. वर्माजी "हव भैया" म्हणून मुकाट्यानं उठले, आखडलेला हात गमछ्याखाली घेऊन. ते उठणं मला अजून आठवतं. बाकी नाटकाचं मला काही वाईट वाटत नाही.

कंपनीचा साहेब तरुण होता, हसरा होता, शहराबाहेर वसवलेल्या ‘नवा रायपुर’मधल्या हॉटेलातून टॅक्सीनं आला होता आणि वाटेतले मोकळे रस्ते पाहून त्याला आमचं शहर रिकामं आहे असं वाटत होतं. भरलेली वेटिंग बघून तो खूश झाला. तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पाच चेहरे पाहिले, माझा सहावा पाहिला.

"मॅनेजर, माझे हात कुठे आहेत?"

साहेब त्यांच्या कुडत्याच्या बाह्यांकडे बघायला लागला. मी काही बोलायच्या आत मॅडमनी टोमॅटो पिळला आणि वहिनींसमोर उभ्या राहिल्या. "बोला."

वहिनींनी पाठ केलेलं म्हटलं, "मले नाक करायचं हाये डॉक्टर. लहानपणापासून लई त्रास हाये मले याचा."

"काय त्रास?"

एवढं मी लिहून दिलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं; मी छताकडे पाहिलं. "नवरा," वहिनी म्हणाल्या, "लई चिडवते."

"मग नवरा घेऊन या. नाक चांगलं आहे. पुढचा."

नाना उठले. नानांनी पात्रात शिरण्यासाठी टोपी घातली होती. "डॉक्टरसाहेब, केस..." मॅडमनी टोपी उचलली. खाली नानांचे जगप्रसिद्ध दाट, पांढरेशुभ्र, कुरळे केस. पंचवीस वर्षं या माणसाला मी सिंहासनावर बसवलं ते या केसांसाठी, आणि ऐन वेळी भूमिका वाटताना मी तेच विसरलो होतो!

"यातले दान करायचे आहेत काय?" मॅडमनी विचारलं.

मग त्या साहेबाकडे वळल्या. "ये सब नाटकवाले हैं। मैनेजर इनके डायरेक्टर हैं। अच्छे आदमी हैं, बस कभी-कभी परदा गलत जगह उठा देते हैं। इन पंद्रह दिनों में मेरे यहाँ एक भी नाक नहीं आती। जो आते हैं, वो पीछे गोदाम में बैठे हैं। चलिए, मिलाती हूँ।"

टोमॅटो किर्रर्र वाजला. दोन मिनिटांत माझा प्रयोग आटोपला होता.

साहेबानं त्या दिवशी वर्माजींचं पहिलं ऑपरेशन दाराच्या काचेतून पाहिलं. पंच्याण्णव मिनिटं तो उभा होता. अंगठा तळव्यापासून सुटून बाहेर आला तेव्हा त्यानं स्वतःचा अंगठा हलवून बघितला. पण बाहेर आल्यावर तो पुन्हा कंपनीचा झाला. "इसका पैसा कौन देता है?"

"खाली थिएटर का पैसा कौन देता है?"

"आप।"

"तो वही देता है।"

त्याला हिशेब कळला. तो हुशार होता. पण कंपनीचा नियम असा, की दवाखान्याच्या प्रत्येक तासाची मालकी कंपनीची. रिकामे दिवस असतील तर त्यांत सवलतीच्या ऑफर चालवायच्या. मॅडमनी प्राध्यापकांची गोष्ट सांगितली; तो हसला आणि म्हणाला, आमची जाहिरात मोठी असते. मी मागे उभा राहून एकच आकडेमोड करत होतो: तीन महिन्यांनी वर्माजींच्या उरलेल्या तीन बोटांना तास कोण देणार?

दुसऱ्या दिवशी करारावर बसले. मॅडमनी सगळं मान्य केलं. भाव, भागी, बिलाचा कागद, दारावरची नवी पाटी. कंपनीच्या आरशालासुद्धा त्यांनी विरोध केला नाही, फक्त तो संडासात लावायला सांगितला. एकच कलम मागितलं: पितृपक्षातलं थिएटर माझं, मी वाटेल त्याला देईन.

साहेबानं मनातल्या मनात मोजलं. वर्षातले पंधरा दिवस, तेही ओस. "मंज़ूर।" लॅपटॉपवर कंपनीचे वकील होते, त्यांनी विचारलं, हा पंधरवडा कोणत्या महिन्यात येतो?

"भाद्रपद," मी म्हणालो.

"नहीं भैया, कुंवार," निर्मला सिस्टर चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"भाद्रपद वद्य."

"हमर इहाँ तो कुंवार होथे!"

दोघंही बरोबर होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. पंधरवडा तोच, महिन्याचं नाव वेगळं. हे वकिलांना हिंदीतून समजावण्यात वीस मिनिटं गेली. मग त्यांनी इंग्रजी महिना मागितला, तर तो दरवर्षी सरकतो. लॅपटॉपमधून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

मॅडमनी एवढ्या वेळात टोमॅटोला हातही लावला नव्हता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "महीने का नाम ही काट दीजिए ना। लिखिए: स्थानीय पंचांग के अनुसार जिन दिनों शुभ कार्य नहीं होते।"

वकील म्हणाले, सुंदर. साहेब म्हणाला, सुंदर. मीही म्हणालो, सुंदर. सह्या झाल्या.

दिवाळीनंतर नवं मशीन आलं, नाकं आली, आणि मला धाकधूक लागली. वर्माजी दर सोमवारी पट्टी बदलायला येत. अंगठ्यानं चिमटीत खडू धरून दाखवत. उरलेली तीन बोटं तशीच तळव्यात रुतलेली. "मैडम, तीन महिना होवत हे," ते म्हणत. मॅडम म्हणत, "याद है।"

शेवटी मीच विचारलं, "मॅडम, आता हातांचे पंधरा दिवस उरले, तेही पुढच्या वर्षी. वर्माजींची होळीची मुदत आहे. कसं करून राहिले तुम्ही हे?"

"तुले माझ्या इथं किती वर्षं झाली?"

"सात."

"आणि अजून तुले पंचांग वाचता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि हिरवी पेन्सिल घेतली. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांनी एक लांबलचक रेघ ओढली आणि वर लिहिलं: हात.

खरमास! सूर्य धनु राशीत. रायपुरात त्या महिन्यात कोणी सुई-दोरासुद्धा नवा आणत नाही.

वर्माजींची तीन बोटं खरमासाच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर होती. तिसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला. मॅडमनी स्पीकर लावला, कारण त्या वेळी त्या चीला खात होत्या.

"मैडम, लिस्ट में ये महीना भर हाथ क्यों दिख रहे हैं?"

"खरमास है।"

"वो क्या होता है?"

"शुभ कार्य नहीं होते।"

साहेब सावधपणे म्हणाला, "कितने दिन?"

"एक महीना। मार्च-अप्रैल में एक और आएगा। होली के पहले आठ दिन होलाष्टक।"

"आपने पंद्रह दिन बोला था!"

"मैंने तो इतना कहा था कि महीने का नाम काट दीजिए। दिन आपने गिने।"

मॅडमनी चील्याचा शेवटचा घास संपवला आणि आवाज एकदम बदलला. आता त्या सर्जन होत्या. "सुनिए। पिछले सात साल का रजिस्टर मैनेजर भेज रहे हैं। खरमास के पन्ने देखिए। एक नाक दिख जाए तो मैं कलम छोड़ दूँगी।"

मी पाठवलं. साहेबानं खरंच पानं पाहिली असावीत, कारण त्यानं उलट फोन करून एवढंच विचारलं, की हातमोजे आणि दोरा कोणाच्या खात्यातून. मॅडम म्हणाल्या, माझ्या. विषय संपला. माणूस हुशार होता असं मी आधीच म्हटलं आहे.

मला मात्र जोर चढला. मी म्हटलं, "मॅडम, मग चातुर्मास काहून नाही घेतला? सरळ चार महिने! लग्नं नसतात, पंचांगात लिहून आहे."

"येडा आहेस काय? चातुर्मासात लग्नं नसतात, नाकं असतात. हिवाळ्यातल्या सगळ्या नवऱ्या तेव्हाच तर येतात. रिकामं आहे तेवढंच मागायचं. भरलेलं मागितलं तर मशीनचे हप्ते तू भरशील?"

त्यांचं सगळं अर्थशास्त्र एवढंच होतं, आणि ते त्यांनी मला तीन मिनिटांच्या आत शिकवलं.

आता मॅडमनी चाकू ठेवला आहे. हात थरथरायला लागायच्या आधी थांबायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि एके सकाळी स्वतःच टोमॅटो पिळून, पाच मिनिटांचं भाषण करून त्या थांबल्या. त्यांच्या जागी त्यांच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टर आहे. तिच्या गळ्यात टोमॅटो नाही, पण कलम तसंच आहे. मीही नोकरी सोडली. पण मला मॅडम आठवतात त्या निरोपाच्या दिवशीच्या नाही. मला त्या पाडव्याची सकाळ आठवते.

त्या वर्षीची होळी होऊन गेली होती. पाडव्याला मी नवं पंचांग घेऊन दवाखान्यात गेलो, तर वर्माजी दारात उभे. गमछा खांद्यावर, हात उघडा. होळीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन आले होते. फोरमननं पाना हातात दिला होता आणि एक गंजलेला नट दाखवला होता.

"खुला?" मॅडमनी विचारलं.

"देर लगी, मैडम। पर खुला।"

भिंतीवरचा जुना खिळा वर्षभराच्या पंचांगानं सैल झाला होता. मॅडमनी ड्रॉवरमधून नवा खिळा आणि हातोडी काढून वर्माजींच्या पुढे धरली आणि टोमॅटो पिळला. डाव्या चिमटीत खिळा, उजव्या हातात हातोडी. पाचही बोटं दांड्याभोवती वळली. शेवटची दोन जरा उशिरा, वर्गात मागून शिरणाऱ्या पोरांसारखी. पहिला ठोका चुकला आणि खिळा वाकला. मी दुसरा द्यायला पुढे झालो, तर मॅडमनी मला कोपरानं मागे ढकललं. वर्माजींनी तोच खिळा हातोडीनं फरशीवर सरळ केला, पुन्हा लावला. चार ठोके. मग पंचांग टांगलं आणि ते सरळ आहे की नाही हे दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

टोमॅटो अजून वाजलेला नव्हता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेब होता, पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला. आणि शुभेच्छा देऊन झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, की यंदा तो उन्हाळी खरमास संपला की पुढे पितृपक्षापर्यंत तास आमचेच ना, मैडम? काही राहिलं तर नाही ना?

मॅडमनी चष्मा लावला. वर्माजींनी टांगलेल्या पंचांगाची पानं एकेक करून उलटली, एका पानावर थांबल्या आणि कानामागची हिरवी पेन्सिल काढली. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहायला संडासातला आरसा इथे बाहेर हवा होता असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

"साहब," त्या म्हणाल्या, "इस साल अधिक मास है। हमारे यहाँ इस साल तेरह महीने हैं।"